जत्रेच्या वाटेवरचा उतार

२५ जानेवारी २००५ रोजी पौष पौर्णिमा आणि मंगळवार असा योग जुळून आला होता. देवीचा वार आणि देवीची तिथी एकाच दिवशी, म्हणजे काळूबाईच्या भक्तांसाठी पर्वणीच. सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर असलेल्या मांढरदेवच्या डोंगरावर त्या दिवशी लाखांनी माणसं चढली. देवळाकडे जाणारी वाट मुळात चिंचोळी. त्यात दोन्ही अंगांना नारळ, हळदीकुंकू, खण, बांगड्या, खेळणी आणि तळणीच्या पदार्थांची दुकानं दाटीनं लागलेली. पायऱ्यांवर नारळ फुटत होते, त्यांचं पाणी दगडांवरून खाली ओघळत होतं. दुपारी त्या निसरड्या पायऱ्यांवर काहींचा पाय घसरला. मागून रेटा चालूच होता; पडलेल्यांवर माणसं पडत गेली. मग दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटू लागल्या, आणि जीव घेऊन पळणाऱ्यांना पळायला वाटच उरली नाही. मृतांचा आकडा तीनशेच्या घरात गेला. त्यात बायका आणि मुलं फार होती.

दुसऱ्या दिवसापासून दोष कुणाचा याची चर्चा सुरू झाली आणि बोटं लगेच नारळाकडे वळली. नारळाकडून ती अंधश्रद्धेकडे गेली, तिथून पशुबळीकडे, आणि शेवटी ‘अडाणी’ भाविकांकडे. नारळाच्या पाण्यानं पाय घसरला हे खरंच आहे. पण सपाट, रुंद मैदानात पाय घसरलेला माणूस उठतो, धोतर झटकतो आणि चालू लागतो. मांढरदेवला तो उठू शकला नाही, कारण तो उतारावर होता, मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, आणि बाजूला सरकायला दुकानांनी जागा ठेवली नव्हती.

चेंगराचेंगरीत माणसं तुडवली जाऊन मरतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बरेच जण गुदमरून मरतात, काही तर उभ्याउभ्याच. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दीत स्वतःच्या मर्जीनं पाऊल टाकता येत नाही. शरीरं लाटेसारखी एकत्र हलतात. छातीवर चारी बाजूंनी दाब आला की फुप्फुसं फुगायला जागाच राहत नाही. उतारावर या दाबात माणसांच्या वजनाची भर पडते. पुढची रांग अडली तर तिला ते कळतं, पण शंभर हात मागे असलेल्याला ‘आता ढकलू नका’ हे सांगणारं कुणी नसतं. म्हणून ‘घबराट पसरली आणि लोक सैरावैरा धावले’ हे प्रत्येक दुर्घटनेनंतर छापून येणारं वाक्य जरा सावधपणे वाचावं. पुष्कळदा घबराट नंतर येते, माणसं त्याआधीच अडकलेली असतात.

जत्रेतल्या धोक्यांचा महाराष्ट्रातला इतिहास चाळला की हीच तऱ्हा पुन्हा पुन्हा दिसते. दोष ठेवला जातो तो कुठल्या तरी प्रथेवर किंवा जमातीवर. माणूस मारणारी गोष्ट मात्र वाटेत, पाण्यात किंवा घाटाच्या रचनेत दडलेली असते.

जुन्या काळी धोका उघड होता, तो हत्यारांचा. १७८९ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात आधी स्नान कुणाचं यावरून जुंपली आणि रक्तपात झाला. एका ताम्रपटात मृत साधूंची संख्या बारा हजार सांगितली आहे. हा आकडा फुगवलेला वाटतो. असल्या लेखात पराभूताच्या दुःखाला आणि विजेत्याच्या फुशारकीला अंकांची कमतरता कधीच पडत नसे. पण मारामारी मोठी झाली आणि वाद पेशव्यांच्या दरबारापर्यंत गेला. पुढे शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात स्नान करावं ही वाटणी रूढ झाली, ती आजही पाळली जाते. पेशवाईतली ही तोड पाहिली तर ती चक्क गर्दीची व्यवस्था आहे. भांडणाऱ्या दोन जमावांच्या जागाच वेगळ्या केल्या, मधलं अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. उपदेश कुणाला केला नाही.

इंग्रजांनी उपदेश भरपूर केला. जत्रांमध्ये त्यांना सगळ्यात जास्त डाचायचा तो गळ. नवस फेडणाऱ्याच्या पाठीत लोखंडी आकडे टोचून त्याला उंच लाकडाला टांगायचं आणि फिरवायचं, ही बगाडाची जुनी रीत. मिशनऱ्यांनी तिची वर्णनं भरभरून लिहिली आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गळ टोचण्यावर सरकारी मनाई आली. प्रथा मात्र आकडे वगळून टिकली. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीच्या दिवशी भैरवनाथाचं बगाड आजही निघतं. उंच शिडाच्या टोकाला नवस फेडणाऱ्या बगाड्याला दोरांनी बांधतात आणि तो अवजड लाकडी गाडा बैलजोड्या बदलत शेताशिवारातून ओढत गावात आणतात. पाठीतलं लोखंड गेलं, पण बगाडाच्या आसपास उभ्या असणाऱ्याला धोका आकड्यांचा नव्हताच. धोका आहे तो तोल जाणाऱ्या शिडाचा, बुजणाऱ्या बैलांचा आणि चाकाजवळ येऊ पाहणाऱ्या हजारो लोकांचा. २ एप्रिल २०२१ रोजी करोनाची बंदी असताना बावधनकरांनी बगाड ओढलंच. पोलिसांनी मग गुन्हे दाखल केले. त्या वर्षी धोका तिसराच होता.

साथीचा रोग जत्रेला नवा नाही. जत्रेत आजवर जेवढी माणसं दगावली असतील त्यात पटकीनं गेलेली सर्वांत जास्त असावीत. १८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात उसळलेली पटकीची साथ पुढच्या वर्षी दख्खनेत उतरली. १८१८ च्या पावसाळ्यात ती पंढरपुरात होती आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पोचली. पेशवाई नुकतीच बुडाली होती, फौजा इकडून तिकडे फिरत होत्या आणि आषाढीसाठी वारकरी चालत होते. रोगाला एवढी वाहनं एकदम क्वचितच मिळतात.

पंढरपूरची रचना पटकीच्या सोयीची होती. आषाढीला पाऊस लागलेला असतो, चंद्रभागा गढूळ वाहते. वाळवंटात उतरलेली माणसं तिथेच राहत, तिथेच प्रातर्विधी उरकत, त्याच पाण्यात स्नान करत आणि तेच तीर्थ म्हणून पीत. गावात बडवे-उत्पातांच्या आणि इतरांच्या वाड्यांतून बिऱ्हाडं भाड्यानं मिळत. एकेका खणात माणसं दाटीवाटीनं निजत. एकादशीचा उपास, द्वादशीचं पारणं, वर चालून चालून थकलेलं शरीर. एका माणसाच्या जुलाबानं विहीर नासली की दुसऱ्या दिवशी आळीच्या आळी आडवी होई. आणि वारी संपल्यावर वाचलेले लोक तो रोग गाठीला बांधून आपापल्या गावी नेत. पटकीची देवी मानल्या जाणाऱ्या मरीआईची देवळं गावोगाव वेशीबाहेर आहेत. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीपार पुढच्या गावच्या हद्दीत नेऊन सोडायचा, ही रीत होती. पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या गावाला पोचवायचा. सरकारी क्वारंटीनचा खाक्या यापेक्षा फार वेगळा नव्हता, फक्त गाड्याऐवजी शिपाई असत.

१८६६ साली कॉन्स्टँटिनोपल इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेनं हिंदुस्थानातल्या यात्रा पटकी पसरवणाऱ्या प्रमुख कारणांपैकी आहेत असा ठपका ठेवला. युरोपला काळजी स्वतःची होती. मक्केची यात्रा, हरिद्वार, पुरी अशी नावं साहेबांच्या अहवालांत भीतीनं घेतली जाऊ लागली. इथल्या सरकारची मात्र पंचाईत झाली: यात्रा बंद केली तर लोक खवळणार, चालू ठेवली तर व्यापारी जहाजं अडवली जाणार. मग मधला मार्ग निघाला. यात्रेकरूंवर कर बसवायचा आणि त्यातून सफाईचा खर्च काढायचा. पंढरपूरच्या नगरपालिकेनंही यात्राकर घेतला. भाविकाला त्याच्या पैशाचं काय होतं ते दिसत नसे. दिसे तो फक्त नाक्यावरचा कारकून.

रेल्वेनं गर्दी आणखी वाढवली. कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. जी माणसं पंधरवडाभर चालत येत ती आता दिवसाभरात येऊन थडकू लागली. यात्रेच्या दिवसांत डबे पुरेनात तेव्हा यात्रेकरूंना मालडब्यांतून कोंबून नेत, आणि ही तक्रार त्या काळच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत राहिली. १८९७ च्या साथरोग कायद्यानं सरकारला प्रवासी तपासायचे, अडवायचे अधिकार दिलेच होते. प्लेगच्या वर्षांत ते यात्रांवरही चालले. पुढे पटकीची लस आली आणि टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात पाऊल नाही, असा दंडक झाला. जुन्या पिढीतल्या अनेक वारकऱ्यांना वारी म्हटलं की टाळमृदंगाबरोबर वेशीवरची ‘टोचणी’ही आठवे. सुजलेल्या दंडानं माउलीचं दर्शन घ्यायचं.

लस, क्लोरीन टाकलेलं पाणी आणि नळ यांनी पटकी मागे हटली. प्रवचनांचा तिच्यावर काही परिणाम झाल्याचा पुरावा नाही. अलीकडे नदीच्या वाळवंटातल्या घाणीवरून उच्च न्यायालयानं सरकारला फटकारल्यावर पलीकडच्या तीरावर ‘६५ एकर’ म्हणून ओळखला जाणारा तळ दिंड्यांसाठी उभा राहिला. तिथे पाणी, दिवे, शौचालयं आहेत. दीडशे वर्षांपूर्वी हवी होती ती गोष्ट एवढीच. २०२० च्या आषाढीला करोनामुळे पालख्या चालल्या नाहीत, पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी ते निमूट मान्य केलं, ही नोंद ‘अडाणी भाविक’ या शब्दप्रयोगाची सवय झालेल्यांनी जरूर करावी.

प्रसादातून होणारी विषबाधा मात्र अजून संपलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा गावी सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात खाटा पुरेनात, म्हणून रस्त्याकडेला सतरंजीवर माणसं निजवली आणि झाडाला बांधलेल्या दोरावर सलाईनच्या बाटल्या ओळीनं लटकवल्या. उपासाच्या दिवसांत भगरीच्या विषबाधेच्या बातम्या महाराष्ट्रात नेमेचि येतात. पिठाला बुरशी लागते, मोठ्या पातेल्यातलं अन्न तासन्‌तास कोमट राहतं, आणि नाकारायचं कसं, प्रसादच तो.

जत्रेतल्या चोरांची गोष्ट वेगळी, पण दोष कुणावर ठेवायचा याची रीत तीच. घाटावर कपडे ठेवून डुबकी मारणारा यात्रेकरू, तमाशाच्या कनातीपुढे मान उंच करून उभा राहिलेला शेतकरी आणि बैलबाजारात नुकतीच जोडी विकलेला, कमरेच्या कशात रोकड असलेला गडी ही तीन गिऱ्हाइकं खिसेकापूला पिढ्यान्‌पिढ्या पुरली. इंग्रजी पोलिसांनी यावर उपाय काढला तो असा, की काही जातीच मुळात चोर आहेत असं ठरवून टाकलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उत्तरेत सुरू झाला आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. १९०८ साली पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यानं इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात भामटे जत्रांत आणि पुढे आगगाडीत कशी हातसफाई करतात याची वर्णनं आहेत. पोट चालवायला दुसरं काय होतं, हा प्रश्न त्याला फारसा पडलेला दिसत नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली, आत राहणाऱ्याला हजेरी सक्तीची. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली, पण जत्रेत पाकीट गेलं की पहिली धाड कुणाच्या पालांवर पडते हे बदलायला त्यानंतरही फार काळ लागला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मध्यमवर्गीय वाचकाला ही बाजू आतून कळली. आता पालखी सोहळ्यात मंगळसूत्रचोर पकडायला पोलीसच टोपी घालून, धोतर नेसून दिंडीत चालतात. जातीच्या यादीपेक्षा हा मार्ग नक्कीच बरा.

करमणुकीचे खेळ जत्रेत नंतर आले. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली तेव्हापासून तंबू ही जत्रेची नवी इमारत झाली, आणि तंबू म्हणजे पेटणारं कापड. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी बंगळूरमध्ये व्हीनस सर्कशीचा तंबू पेटला आणि नव्वदहून अधिक माणसं गेली. त्यात शाळेच्या मुलांची संख्या मोठी. आकाशपाळणे, ड्रॅगन, मौत का कुआँ ही सगळी यंत्रं आज एका गावात खोलायची, ट्रकवर लादायची, उद्या दुसऱ्या गावात जोडायची असतात. जोडणारे हात तेच, नटबोल्ट तेच. तपासणारा कोण, हे गावागणिक बदलतं. पण यंत्राचं कायम एका जागी असणंही पुरेसं नाही. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळचा झोका १४ जुलै २०१९ रोजी दांडा मोडून खाली आला, दोन जण मेले, तीसेक जखमी झाले. तो जत्रेतला नव्हता, कायमस्वरूपी उद्यानातला होता.

तरी पाळण्यापेक्षा वाट जास्त जीव घेते. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात शाही मिरवणूक रामकुंडाकडे निघाली होती आणि अरुंद, उतरत्या रस्त्यावर लोक कठड्यांआड तासन्‌तास रोखून धरलेले होते. कुणा साधूनं चांदीची नाणी उधळली, ती उचलायला लोक वाकले, कठडे तुटले. तिसाहून अधिक माणसं गेली, बहुतेक बायका. इथेही बोटं आधी नाण्यांकडे वळली, आणि मग नाण्यांसाठी वाकलेल्या ‘हावऱ्या’ लोकांकडे. चौकशी करणाऱ्या रमणी आयोगानं मात्र मिरवणुकीचा मार्गच बदलावा असं सुचवलं. साधूंचा परंपरागत रस्ता बदलणं सोपं नव्हतं. बैठकांवर बैठका झाल्या. २०१५ च्या सिंहस्थात सरदार चौकाचा तो उतार टाळून मिरवणुका गेल्या. त्याच पर्वणीत नाशिकच्या एका शाळकरी मुलानं बनवलेली दाब ओळखणारी चटई काही ठिकाणी वाटेवर अंथरली होती. तिच्यावरून गेलेल्या पावलांची मोजणी थेट नियंत्रण कक्षात दिसे. त्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली नाही.

मांढरदेवला न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला. देवळाच्या परिसरात नारळ फोडायला, पशुबळी द्यायला आणि वाद्यं वाजवायला मनाई आली. ती दर वर्षी यात्रेआधी जिल्हा प्रशासन नव्यानं जाहीर करतं. आपत्ती व्यवस्थापनाचा देशव्यापी कायदाही त्याच २००५ च्या डिसेंबरात झाला. राष्ट्रीय प्राधिकरणानं २०१४ साली गर्दी हाताळायची मार्गदर्शिका काढली. कागद आता पुरेसा आहे.

तरीही ३ मे २०२५ च्या पहाटे गोव्यातल्या शिरगावला श्रीलईराईच्या जत्रेत तेच घडलं. हातात बेताची काठी घेतलेले धोंड, म्हणजे अग्निदिव्याला जाणारे व्रतस्थ भक्त. त्यांची आणि इतरांची गर्दी उतरत्या अरुंद वाटेवर एकमेकांवर कोसळली. किमान सहा जणांचा जीव गेला, सत्तरच्या आसपास जखमी झाले. सरकारनं चौकशी समिती नेमली, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांसह अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. बदली हा आपल्याकडचा सर्वांत जलद चौकशी अहवाल. जत्रेत निखाऱ्यांवरून अनवाणी चालणारे हजारो लोक सुखरूप पलीकडे गेले. मेले ते साध्या रस्त्यावर. बाहेरच्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं धोका निखाऱ्यांत आहे असंच सांगितलं असतं.

देवळापर्यंत पोचण्याआधीचा रस्ता तर आणखी वाईट. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात आळंदीकडे निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत ब्रेक निकामी झालेलं अवजड यंत्र घुसलं, दोन वारकरी ठार झाले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोल्याजवळ जुनोनीत कार्तिकीला चाललेल्या कोल्हापूरकडच्या दिंडीवर मोटार गेली, सात जण गेले. पालखी मार्ग चौपदरी होत आहेत, म्हणजे गाड्यांचा वेग वाढणार; चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी किती ठिकाणी अखंड राहते ते दिंडीबरोबर चार मैल चाललं की कळतं.

आता पुढचा सिंहस्थ समोर आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरसाठी २०२५ मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण नेमलं गेलं आणि पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी ठरलं. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे झालेली चेंगराचेंगरी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यामुळे कॅमेरे, ड्रोन आणि नवे घाट यांच्या योजना रोज छापून येतात. नाशिकला गोदेचा काठ लांबवता येतो, मार्ग वळवता येतात. त्र्यंबकला ते इतकं सोपं नाही. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी गाव वसलं आहे, भर श्रावणातला पाऊस, बोळातून जाणारे रस्ते. अठराव्या शतकात बांधलेलं कुशावर्त हे ओवऱ्या असलेलं एक लहानसं चौकोनी कुंड आहे. त्यात उतरायला पायऱ्या आणि वर यायलाही त्याच पायऱ्या. दहा आखाडे तिथे एकामागून एक उतरणार आणि त्यांच्यानंतर उरलेला सगळा दिवस बाकीचा भारत.